ख्रिस्ती घरात पत्रिका जुळवून लग्न? मागी लोकांचा तारा दाखवून मला गप्प करू नका

बेथेलची लेक:
सलाम सगळ्यांना. लई दिवसांपासून इथलं वाचतेय, लिहायची हिंमत आज केली, कारण गेले आठ दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये अन् घरात बोलायची सोय नाही.

धाकट्या बहिणीला स्थळ आलंय. मुलगा ख्रिस्ती, घरचे सगळे मंडळीतले, आजोबा चर्चच्या पंचकमिटीत होते, मुलगा स्वतः रविवारी उपासनेत तबला वाजवतो. बहिणीला पसंत, आम्हाला पसंत, सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. अन् मागच्या गुरुवारी मुलाच्या काकांचा फोन, ताई मुलीची जन्मवेळ अन् जन्मगाव तेवढं व्हॉट्सॲपवर टाका. मला वाटलं चर्चच्या रजिस्टरसाठी पाहिजे असेल. विचारलं तर म्हणाले, "काही नाही हो, एका ठिकाणी दाखवून घेतो, मनात शंका नको."

आईला विचारलं, हिची वेळ काय गं. आई म्हणाली, औत सोडायच्या टायमाला. मी म्हटलं दुपारचं का संध्याकाळचं? तर म्हणे त्या दिवशी पाऊस होता, औत लवकर सोडलं होतं, तुझे बाबा ओल्या अंगानं दारात उभे होते. एवढंच. बहीण शेतातल्या घरी झाली, सुईणीच्या हातावर, कागदावर फक्त तारीख आहे. हे काकांना सांगितलं तर काय म्हणावं त्यांनी, "मग अंदाजे टाका की, साडेपाच टाका."

आता मला सांगा, साडेपाच टाकल्यावर जी पत्रिका निघंल ती कुणाची? लग्नरास साधारण दर दोन तासाला बदलते म्हणतात. म्हणजे माझ्या बहिणीचं लग्न जमायचं का मोडायचं ते त्या दिवशी पाऊस किती वाजता आला यावर.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे. वेळ बरोबर असती तरी मी दिली नसती. बायबलातल्या अनुवाद १८ मध्ये शकुन बघणारा, मुहूर्त बघणारा तुमच्यात नसावा असं स्पष्ट आहे. यशया ४७ मध्ये बाबेलच्या ताऱ्यांकडं बघणाऱ्यांना म्हटलंय की ते भुसकटासारखे जळतील, स्वतःलाच वाचवू शकणार नाहीत, तुम्हाला काय वाचवतील. यिर्मया १० मध्ये तर आकाशातल्या चिन्हांना भिऊ नका असंच आहे. जालन्याजवळचं आमचं बेथेल हे ख्रिस्ती गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं, ते जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पंचांग काय असतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते सोडून ते इकडं आले. अन् आम्ही तिसऱ्या-चौथ्या पिढीत चोरून मागच्या दारानं तिकडं चाललोय?

मला माहितीये आता कुणीतरी मागी लोकांचा, म्हणजे तारा बघून बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा, तारा काढणार. काढा, पण नीट वाचून काढा.

उदगीरचा दादा:
मी काढतो. मीही ख्रिस्ती, वय ६१, अन् थोरल्या मुलीच्या वेळी पत्रिका बघितली नव्हती, धाकटीच्या वेळी बघितली. लपवत नाही.

ताई, मत्तय २ वाचा. येशू जन्मला तेव्हा सगळ्यात आधी कोण आलं लांबून? याजक नाही, परूशी नाही. ताऱ्यांचा अभ्यास करणारी परकी माणसं आली. त्यांना देवानं स्वप्न पाडून, देवदूत पाठवून घरून बोलावलं नाही, त्यांच्याच विद्येतून बोलावलं. ती विद्या देवाला इतकी घाण वाटत असती तर त्यानं तिचा उपयोग कामून केला असता? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात १४ वं वचन बघा, ज्योती या चिन्हं, ऋतू, दिवस अन् वर्षं दाखवण्यासाठी आहेत. चिन्हं हा शब्द आधी आहे. दानीएल संदेष्ट्यानं बाबेलच्या ज्ञानी लोकांना मारू दिलं नाही, मध्ये पडून वाचवलं, अन् पुढं तोच त्यांचा प्रमुख झाला.

अन् अजून एक. यरुशलेमातल्या शास्त्र्यांना वचन पाठ होतं, ख्रिस्त बेथलेहेमात जन्मणार हे हेरोद राजाला त्यांनीच सांगितलं. बेथलेहेम तिथून आठ-नऊ किलोमीटर. चालत गाठावं एवढंच अंतर. एकजण उठून गेला का? नाही. वचन ज्यांच्याकडं होतं ते बसून राहिले अन् तारा बघणारे शेकडो मैल चालून आले. मला यातून हे दिसतं की माणसाचं मन खरं असलं तर देव त्याला ताऱ्यातूनही वाट दाखवतो.

फ्रान्समध्ये शार्त्रचं जुनं मोठं चर्च आहे, त्याच्या खिडकीत अन् दारावर बारा राशी कोरलेल्या-रंगवलेल्या आहेत. ते लोक काय मूर्तिपूजक होते?

बेथेलची लेक:
दादा, वय मोठं म्हणून आदरानं बोलते, पण तुम्ही गोष्ट अर्धी सांगितली.

ताऱ्यानं त्यांना आधी कुठं नेलं? हेरोदाच्या यरुशलेमात! तारा बघून त्यांनी अंदाज बांधला की राजा जन्मला म्हणजे राजधानीतच असणार, अन् तिथं जाऊन विचारत सुटले की यहुद्यांचा राजा कुठं जन्मलाय, ते सरळ खुन्याच्याच कानावर गेलं. गाव कळलं ते मीखा संदेष्ट्याच्या वचनातून. पुढं तारा परत दिसला, घर दाखवलं, मान्य. पण त्या एका चौकशीमुळं बेथलेहेमात दोन वर्षांच्या आतली लेकरं कापली गेली. मी आई आहे, मला तो भाग वाचताना दरवर्षी नाताळात घशात अडकतं. नाटकात आपण सोनं, ऊद अन् गंधरस घेऊन पोरं उभी करतो, तिघंच असतात असं ठरवून टाकलंय खरं तर आकडा बायबलात नाहीच, पण त्या लेकरांचा प्रवेश कुणी करत नाही.

अन् परत जाताना त्यांना वाट स्वप्नात दाखवली, ताऱ्यानं नाही. ते दुसऱ्या वाटेनं गेले. मला ते वाक्य लई मोठं वाटतं.

शास्त्री बसून राहिले ते मात्र तुमचं खरंय. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, तो टोला आपल्यालाच आहे.

अंबाजोगाईचा जोशी:
नमस्कार ताई. मी ख्रिस्ती नाही, पण विषय माझ्या पोटापाण्याचा म्हणून लिहितो. वडिलांपासून आमच्याकडं हेच काम.

पहिलं सांगतो, "साडेपाच टाका" म्हणणाऱ्याला मी घरातून उठवला असता. अंदाजे वेळेवर मांडलेली पत्रिका आम्हीसुद्धा मानत नाही. ज्याला वेळ माहीत नाही त्याच्यासाठी हात बघणं, प्रश्नकुंडली असे वेगळे मार्ग आहेत, पण खोटी वेळ घालून गुण जुळवायचे हे शास्त्राशीही अप्रामाणिक आहे.

दुसरं, पत्रिका म्हणजे शिक्षा नाही. आभाळ भरून आलंय, छत्री घ्या, एवढंच आम्ही सांगतो. पाऊस पाडतो असं कुठला शहाणा जोशी म्हणत नाही. तुमच्या योहान केप्लरनं ग्रहांचे नियम शोधले, तो धर्मानं पक्का लुथरन, धर्मशास्त्र शिकलेला, अन् त्यानंच १६०८ साली वालेनश्टाइन नावाच्या सरदाराची पत्रिका मांडली होती. बेथलेहेमच्या ताऱ्याचा हिशोबही त्यानं केला, इसवीसनपूर्व ७ मध्ये गुरू अन् शनी मीन राशीत एका वर्षात तीनदा जवळ आले होते. म्हणजे श्रद्धा अन् हे शास्त्र एका डोक्यात राहू शकतं.

आणि एक अनुभव. माझ्याकडं ख्रिस्ती कुटुंबं येतात, दरवर्षी येतात. दिवसा नाही येत, दिवे लागल्यावर येतात. गळ्यातला क्रूस शर्टात टाकून बसतात. मी काही विचारत नाही. पण येतात ती माणसं आधीच घाबरलेली असतात, मी घाबरवलेली नसतात. पोराला नोकरी नाही, पोरीचं जमत नाही. त्यांना घरात, चर्चात कुणीतरी बसवून शांतपणे ऐकून घेतलं असतं तर ती माझ्या दारात आली नसती असं मलाच वाटतं.

परभणीचा विज्ञानवाला:
दोन्ही बाजूंचं वाचलं. श्रद्धेत मी पडत नाही, पण पत्रिकेची परीक्षा महाराष्ट्रातच झालेली आहे ते सांगणं गरजेचं आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे अन् प्रकाश घाटपांडे यांनी मिळून केली होती. शंभर हुशार मुलं अन् शंभर मतिमंद मुलं, दोनशेंच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका मांडल्या, अन् ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या, फक्त एवढंच ओळखा की मूल हुशार का मतिमंद. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगल्याला ४० पैकी २४ बरोबर आली, सरासरी १७.२५. नाणं उडवलं असतं तर वीसच्या आसपास आली असती.

जोशीबुवा तुम्ही प्रामाणिक माणूस दिसता म्हणून विचारतो, जन्मानं आयुष्यभराचं एवढं मोठं अंतर पडलेलं जर पत्रिकेत दिसत नाही तर सासूशी पटेल का नाही ते कुठून दिसणार?

अंबाजोगाईचा जोशी:
तो प्रयोग मला माहीत आहे, टाळत नाही. आमच्यातल्या जाणत्यांपैकी बरेच त्यात उतरलेच नाहीत, अन् बुद्धी ही एकट्या पत्रिकेवर ठरत नाही, घराणं, आईची तब्येत, बाळंतपण सगळं असतं. पण उतरायला पाहिजे होतं, हेही मी मानतो. न उतरता नंतर नावं ठेवणं बरोबर नाही.

छावणीतला कॅथलिक:
जय येसू. आमच्या बाजूचं थोडं सांगतो कारण इथं सगळे असं बोलतायत की चर्चनं यावर कधी विचारच केला नाही.

संत ऑगस्टिन तरुणपणी स्वतः ज्योतिषांकडं जायचा, पुस्तकं वाचायचा. त्याचं मन कशानं फिरलं तर फिर्मिनस नावाच्या मित्रानं सांगितलेल्या घरच्या गोष्टीनं. फिर्मिनसची आई गरोदर होती त्याच वेळी वडिलांच्या एका मित्राच्या घरची दासीही. दोन्ही घरं ज्योतिषाच्या नादातली, त्यांनी घटका-पळं मोजत ठेवली, अन् दोन्ही मुलं अगदी एकाच क्षणी जन्मली. पत्रिका हुबेहूब एक. फिर्मिनस श्रीमंतीत वाढला, मोठ्या पदाला चढला, अन् ते दुसरं लेकरू गुलाम जन्मलं अन् गुलामच राहिलं. ऑगस्टिननं त्यावरून म्हटलं की दोघांचं भविष्य खरं सांगायचं तर एकाच पत्रिकेवरून दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतील, म्हणजे जे खरं निघतं ते विद्येनं नाही, योगायोगानं. एसाव अन् याकोब या जुळ्यांचं उदाहरणही तो देतो, एकाची टाच धरून दुसरा जन्मला, तरी आयुष्यं दोन टोकाची.

पुढं संत थॉमस अक्वायनसनं बारीक भेद केला. ग्रहताऱ्यांचा परिणाम शरीरावर, हवापाण्यावर होऊ शकतो, त्यावरून पाऊस-दुष्काळाचा अंदाज करायला हरकत नाही, पण माणसाची इच्छा कुठल्याच ग्रहाच्या ताब्यात नाही, अन् माणूस काय ठरवणार ते ताऱ्यांवरून सांगणं हे पाप. १५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी फलज्योतिषाविरुद्ध फतवा काढला. आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणात कलम २११६ मध्ये कुंडली, हस्तरेषा, शकुन सगळं नाकारलेलं आहे, कारण त्यात देवाला बाजूला ठेवून काळावर अन् माणसांवर सत्ता मिळवायची हाव असते.

उदगीरच्या दादांना एवढंच, इसवीसन २०० च्या सुमाराला तर्तुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं तुमच्याच मुद्द्याचं उत्तर दिलंय, ती विद्या सुवार्तेपर्यंतच चालू दिली होती, ख्रिस्त जन्मल्यावर पुढं कुणी कुणाचा जन्म ताऱ्यांवरून सांगू नये म्हणून.

घनसावंगीचा शेतकरी:
मोठमोठी नावं घेतली सगळ्यांनी, आमचं एक साधं इचारतो. आमी पण ख्रिस्तीच हाव, आज्यापासून. पण पेरणी मृगावरच करतो. सात-आठ जूनला मृग निघला का बी-भरण तयार. आर्द्रा कोरडी गेली तर पोटात गोळा येतो. हस्ताचा पाऊस पडला तर रब्बी निघती, नाय पडला तर ज्वारी गेली. नक्षत्राचं वाहन बेडूक हाय का कोल्हा, ते पण बघतो मी पंचांगात, खोटं कशाला बोलू. आता ताई म्हनती शकुन बघणारा नसावा, मग आमी काय करावं, देवळातून काडून टाकाल का?

छावणीतला कॅथलिक:
नाही हो बापू, मी वर अक्वायनसचं जे लिहिलं तेच तुम्ही जगताय. मृग म्हणजे सूर्य आभाळात कुठं आलाय त्याची खूण, ते ऋतूचं गणित आहे, उत्पत्तीच्या १४ व्या वचनातलं "ऋतू, दिवस अन् वर्षं" ते हेच. ईस्टरची तारीखसुद्धा तशीच निघते, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, अन् त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. आपण चंद्र बघूनच सण ठरवतो. पंचांगातलं गणित अन् पंचांगातलं फळ या दोन गोष्टी आहेत. वाहनाचं मात्र सोडा, बेडकावर पाऊस अडलेला नाही.

घनसावंगीचा शेतकरी:
वाहन सोडलं. मृग नाय सोडणार.

किल्लारीचा पोरगा:
मी किल्लारीजवळचा. नाव सांगत नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक रात्री उशिरा झोपले होते, अन् ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात जे झालं ते झालं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आम्ही बाहेर ओट्यावर झोपलो होतो म्हणून वाचलो. आत आजी अन् दोन चुलत भावंडं होती. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, सगळं एका झटक्यात खाली.

आमच्या आळीत सगळ्यांच्या पत्रिका होत्या. जोशी घरचाच होता, तोही गेला, त्याचं कपाट मातीतून निघालं तेव्हा त्यात दोऱ्यानं बांधलेल्या पत्रिकांच्या गुंडाळ्या होत्या, कुणाला सत्तर वर्षं आयुष्य, कुणाला पंच्याहत्तर. चुलत बहिणीची होती त्यात, तिला राजयोग लिहिलेला. सात वर्षांची होती ती.

त्या रात्री हजारो माणसं गेली, सगळ्यांची रास एक होती का? मी हिंदूच आहे, देवळात जातो, पण त्या दिवसापासून घरात पत्रिका मांडू दिली नाही, माझ्या दोन्ही लेकरांची नाही.

अंबाजोगाईचा जोशी:
दादा, शास्त्रात याला उत्तर म्हणून देशाची अन् गावाची कुंडली वेगळी असते, ती माणसाच्या पत्रिकेवर भारी पडते असं सांगितलेलं आहे. पण तुमचं लिहिलेलं वाचल्यावर ते उत्तर तुमच्यापुढं ठेवायला मला जमत नाही. तुमच्या बहिणीला नमस्कार.

बीडचा सत्यशोधक:
एक गोष्ट कुणी बोलतच नाहीये, जातीची. आपल्या मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती कुठल्या वस्तीतून आले ते सगळ्यांना माहितीये. आपल्या पणजोबांच्या दारात जोशी कधी आला का पत्रिका मांडायला? गावकुसाबाहेर जन्मलेल्या लेकराची वेळ कुणी लिहून ठेवली? ताईंच्या आईला वेळ आठवत नाही ती काही विसरभोळी म्हणून नाही, ती लिहिण्याची सोयच त्या घरांना दिलेली नव्हती. फुल्यांनी १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' लिहिलं, त्यात मूल जन्मल्यापासून जोशी शेतकऱ्याला कसा नाडतो ते दाखवलंय, अन् १८७३ मध्ये सत्यशोधक समाजानं भटजीविना लग्न लावून दाखवलं. अन् आता आपली शिकलेली पोरं पत्रिका मागायला लागली, कशासाठी, तर आपणही वरच्यांसारखे आहोत हे दाखवायला. मला यात धर्मापेक्षा ही ओढ जास्त दिसते अन् तिचंच जास्त वाईट वाटतं.

जोशीबुवांवर माझा वैयक्तिक राग नाही, ते नीट बोलतायत.

नांदेडची ताई:
मी आतापर्यंत बेथेलच्या ताईच्या बाजूनं होते अन् आहे, पण एक विचारणारे, रागवू नका.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण काय करतो? बारा वाजले, घंटा झाली, सगळ्यांनी गळाभेट घेतली, मग पुढं टेबलावर परडी ठेवलेली असते, त्यात वचनांच्या छोट्या चिठ्ठ्या, रिबिनीनं बांधलेल्या. रांगेनं जायचं, डोळे मिटून एक उचलायची, तेच आपलं वर्षाचं वचन. आशीर्वादाचं निघालं की सगळं घर खुश, ती चिठ्ठी बायबलात, पाकिटात, तिजोरीत. तीन वर्षांमागं माझ्या जावेला ईयोबातलं दुःखाचं वचन आलं. ती तिथंच पांढरी पडली. गुपचूप परत परडीत टाकून दुसरी उचलली, मी बघितलं. अन् मार्चमध्ये दिराचा अपघात झाला, तेव्हा ती रडत रडत म्हणाली, मी पहिली चिठ्ठी परत टाकली म्हणून हे झालं.

मला सांगा, नांदेडच्या बसस्टँडबाहेर पोपट चिठ्ठी काढायचा तो अन् हे, यात फरक काय? आणि प्रार्थनासभांमधून जे सांगतात, "या वर्षी तुझ्या घरात मरण दिसतंय, उपास कर", ते भविष्य नाही का? आमच्या शेजारणीला एकानं सांगितलं तुझ्यावर शाप आहे, चाळीस दिवस ये. तिनं गळ्यातलं मोडलं. जोशानं ग्रहशांती सांगितली तर आपण पाप म्हणतो, अन् आपल्यातल्यानं सांगितलं तर आत्म्यानं सांगितलं म्हणतो.

परभणीचा विज्ञानवाला:
ताई, मनापासून आभार. हे आतून कुणीतरी बोलायला पाहिजे होतं.

बेथेलची लेक:
नांदेडच्या ताई, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण देता येत नव्हतं. तुमचं वाचून मी उठून बायबल उघडलं. माझ्या बायबलात पाच वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत. पाचही चांगल्या. तेव्हा मला कळलं की वाईट मी ठेवलीच नव्हती. एका वर्षी आलेली मला आठवते, स्तोत्रातलं "मी मृत्युच्छायेच्या दरीतून जात असलो तरी" हे. किती चांगलं वचन, पण मला दरीच दिसली फक्त, अन् ती कुठं गेली मला माहीत नाही.

तर हो, फरक नाही. वचन वाचणं वेगळं अन् वचनाची चिठ्ठी करून त्यातून वर्ष काढणं वेगळं. जो माणूस घरात मरण दिसतंय सांगून पैसे काढतो तो यशयातल्या त्या ताऱ्यांवाल्यांच्याच रांगेत उभा आहे, हातात बायबल असलं म्हणून काही होत नाही. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसातल्या लोकांनी विश्वास ठेवल्यावर आपली जादूटोण्याची पुस्तकं स्वतः आणून सगळ्यांसमोर जाळली, पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची पुस्तकं. मी आतापर्यंत तो भाग दुसऱ्यांसाठी वाचत होते. आपल्याला काय आणून टाकायचंय हे बघितलंच नाही.

पण यानं माझं म्हणणं बदललं नाही, उलट पक्कं झालं. जोशीबुवांनी लिहिलं ना, येतात ती माणसं आधीच घाबरलेली असतात. काकांचा शब्द तोच होता, शंका नको. ज्याला उद्याची शंका सहनच होत नाही तो पत्रिकेकडं जाईल, नाहीतर चिठ्ठीकडं जाईल, नाहीतर शाप काढणाऱ्याकडं. मला माझी बहीण अशा घरात द्यायची आहे जिथं उद्याचं माहीत नसलं तरी एकमेकांचा हात सोडत नाहीत. हे पत्रिकेत बघता येत नाही, बैठकीत बसून बोलून थोडंफार बघता येतं.

उदगीरचा दादा:
लेकी, तुला एक सांगायचं राहिलं. मी धाकटीची पत्रिका का बघितली ते. थोरलीचं लग्न चर्चात झालं, प्रार्थना करून, उपास धरून, पाळकांना विचारून. दीड वर्षात परत आली. मारहाण होती. पाळक म्हणाले क्षमा कर अन् परत जा. मी दोनदा नेऊन सोडली, माझ्या हातानं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचा डावा कान ऐकू येत नव्हता.

धाकटीच्या वेळी मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. देवाचं पण नाही. म्हटलं सगळीकडं विचारू. जोशाकडं गेलो, त्यानं ३६ पैकी २८ गुण सांगितले, मला त्या रात्री झोप लागली. दीड वर्षानंतरची पहिली झोप. तारा, मागी, शार्त्र हे सगळं मी नंतर शोधलं.

नांदेडची ताई:
दादा. थोरली आता कशी आहे?

उदगीरचा दादा:
घरीच आहे. शिवणकाम करते, पोरींना शिकवते पण. धाकटी सुखात आहे, पण ते २८ गुणांमुळं नाही, जावई माणूस चांगला निघाला. हे मला कळतं. पण झोप त्या गुणांमुळं लागली हेही खरं, अन् ते मला खोटं बोलता येत नाही.

अंबाजोगाईचा जोशी:
दादा, थोरल्या लेकीच्या वेळची चूक पत्रिकेची नव्हती अन् प्रार्थनेची पण नव्हती. मुलाची चौकशी कुणी केली नव्हती. माझ्याकडं येणाऱ्यांना मी हल्ली आधी हेच विचारतो, मुलगा काम कुठं करतो, पितो का, आईशी कसा बोलतो, शेजारी जाऊन विचारलं का. नाही म्हटलं तर पत्रिका परत देतो, आधी जाऊन या म्हणतो. धंदा कमी होतो थोडा.

बेथेलची लेक:
दादा, मी तुमच्याशी मघाशी फार जोरात बोलले. माफ करा. मत तेच आहे माझं, पण तुम्ही ज्या रात्री तिथं गेलात त्या रात्री तुमच्याजवळ बसायला आपल्या मंडळीतलं कुणी नव्हतं, हा दोष तुमचा नाही.

स्थळाचं विचारलंय दोघा-तिघांनी मेसेज करून म्हणून सांगते. काकांना काल रात्री उत्तर टाकलं. जन्मतारीख लिहिली, जन्मगाव लिहिलं, अन् वेळेच्या जागी आई जे म्हणाली तेच लिहिलं, औत सोडायच्या वेळेला, पाऊस होता. खाली लिहिलं की यापेक्षा जास्त आमच्याकडं नाही अन् असतं तरी दाखवायला दिलं नसतं, मुलीला भेटायला या, किती वेळा पाहिजे तितक्या वेळा या, आमचे शेजारी कोण ते पण सांगते, त्यांना विचारा. आम्ही पण तुमच्याकडच्या दोन घरी विचारणार आहोत.

निळ्या खुणा आल्यात. काकांचं उत्तर नाही अजून. मुलाचा मात्र आज सकाळी बहिणीला फोन आला होता, गॅलरीत उभी राहून वीस-पंचवीस मिनिटं बोलत होती. काय बोलले ते तिनं सांगितलं नाही, अन् मी विचारलं नाही.